धाररावांचे उपरणे आणि सभेतील पडदा यांची बखर

श्री कुलस्वामी समर्थ. जैसे घडले तैसे लिहिले आहे. शोभा आणिता आली नाही, ती वाचणाराने आपल्या पदरची घालून घ्यावी.

शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सर, माघ वद्य पंचमी, ते दिवशी सकाळी पूर्वापार पक्षाची सभा भरली होती आणि सभागृहातील बंद पडलेले घड्याळ चालू करावे की न करावे हा विषय चालला होता, तेथे बातमी आली जे, धारराव मोहोळकर यांचे कुटुंब सगुणाबाई पहाटे निवर्तल्या.  मग वडील मंडळी विचारात पडली, की पुरुषमाणूस गेल्यास उभे राहून दुखवटा करावा ऐसी पक्षाची चाल आहे, परंतु बाईमाणूस गेल्यास काय करावे याचा दाखला नाही, आणि दाखल्यावाचून या पक्षात कोणी शिंकतही नसे. तेव्हा कोणास उभेही राहवेना आणि कोणास बसवेनाही, म्हणोन सर्व अर्धे उठून तैसेच राहिले, आणि गुडघे दुखू लागले तेव्हा सभा उठली. घड्याळाचा विषय तहकूब जाहला.

तिकडे धारराव आपले घरी ओसरीवर बसले होते आणि माणसे येत होती, जात होती. धारराव कोणाशी काही बोलिले नाहीत, आणि हे पाहून लोकांस दुःख केवढे आहे ते कळले, कारण धारराव न बोलता बसले ऐसे आजवर कोणी पाहिले नव्हते. दुपारी एकदा उठले, आत गेले, कपाट उघडले आणि म्हणाले, "अगं, उपरणं कुठं ठेवलंयस?" मग उत्तर आले नाही, तेव्हा कपाट तैसेच उघडे टाकून पुन्हा ओसरीवर येऊन बसले.

आता उपरण्याचा मजकूर सांगणे जरूर आहे. धारराव मनाने सरळ, हाताने स्वच्छ, परंतु जिभेस लगाम नाही. बोलावयास उभे राहिले म्हणजे आरंभ उत्तम होत असे, मध्यही बरा होत असे, आणि शेवट म्हणोन काही होतच नसे. एका लग्नात आशीर्वाद देण्यास उभे राहिले आणि मुहूर्त टळला, अक्षता लोकांच्या मुठीत भिजल्या. सगुणाबाई शहाण्या. त्यांनी पाहिले, की सांगून उपाय नाही आणि रागावून तर मुळीच नाही. आता सभागृहात चौथरा आहे, चौथऱ्यावर पक्षाच्या मुख्याची गादी आहे, आणि पाठीमागे जाड तांबडा पडदा आहे, तो कोणी कधी धुतला याचा दाखला नाही. पडद्यामागे बायकांनी बसावे, ऐकावे, दिसू नये, ऐसी चाल. सगुणाबाईंनी कातर नेऊन पडद्यास कमरेच्या उंचीवर एक भोक पाडले. धारराव बोलावयास उठले म्हणजे पडद्यास टेकून उभे राहत आणि उपरण्याचे टोक त्या भोकातून मागे सरकवीत, आणि पुरे जाहले ऐसे वाटले म्हणजे सगुणाबाई ते टोक दोनदा हलके आणि एकदा दाबून ओढीत. धारराव तेथेच वाक्य संपवून बसत. सभेस वाटे, की काय मोजके बोलणे, आणि पडद्याशी टेकून उभे राहण्यात काय विनय! धाररावांचे नाव जाहले ते ऐसे जाहले. ही खूण सगुणाबाईंच्या शेजारी बसणाऱ्या आवडाबाईंसच तेवढी ठाऊक होती, आणि आवडाबाई म्हणजे धाररावांचे जन्माचे प्रतिस्पर्धी विसाजीराव यांचे कुटुंब. नवरे एकमेकांस पाण्यात पाहत आणि बायका एकमेकींस डब्यातले लाडू देत, ऐसा प्रकार होता.

दुखण्यात असता सगुणाबाई एकदा धाररावांस म्हणाल्या, "एवढी वर्षं तुमची भाषणं पाठीमागून ऐकली. बोलताना तुमचं तोंड कसं दिसतं ते काही पाहिलं नाही. गादी मिळाली तर तेवढा पडदा काढा." धारराव म्हणाले, "बघू." संसारात नवरा बघू म्हणतो तेव्हा पुष्कळ वेळ आहे ऐसे समजून म्हणतो. वेळ नव्हता.

पुढे चैत्रात गादी मोकळी जाहली. थोरले सरकार गादीवर बसल्या बसल्या डुलक्या घेत असत, आणि एके दिवशी कोणी विचारिले, "सरकार, आता विश्रांती घ्यावी काय?" तेव्हा डुलकीत मान खाली गेली, ती लोकांनी रुकार समजली आणि पालखी दारात आणिली. जागे जाहल्यावर सरकार म्हणाले, "आता पालखी आलीच आहे तर जातो." मग गादीस दोन नावे उभी राहिली, एक विसाजीराव आणि दुसरे धारराव. धाररावांस त्यांचे कारभारी राघोपंत यांनी पुष्कळ समजाविले, की अजून वर्षश्राद्ध व्हावयाचे आहे, आत्ताच कशाला. धारराव म्हणाले, "पडदा काढायचाय." राघोपंतांनी कपाळास हात लाविला आणि म्हणाले, "हे माझ्यापाशी बोललात ते बोललात. आपल्या पक्षात काही काढीन म्हणणाऱ्यास कोणी दारात उभं करत नाही. पडद्याचं नाव काढू नका, हात जोडतो."

मग मोहीम सुरू जाहली, आणि मोटारी निघाल्या, कर्णे लागले, चौकाचौकात फलक उभे राहिले. विसाजीरावांचे फलकावर लिहिले होते, "मी काहीही बदलणार नाही." लोकांस ते फार आवडले. तेव्हा राघोपंतांनी रातोरात धाररावांचे फलक लाविले, "आम्ही त्याहूनही कमी करू." मग विसाजीरावांनी सांगून पाठविले, की मी गादीवर बसलो तर कूससुद्धा बदलणार नाही.  परंतु खरी अडचण वेगळीच होती. धारराव गावोगाव बोलावयास उभे राहत, उपरण्याचे टोक सवयीने मागे सोडीत, आणि मागे कोणी नसे. एके गावी गुरे रानात जाताना बोलणे सुरू जाहले आणि गुरे परत आली तरी चाललेच होते, आणि एक म्हातारा शेजाऱ्यास म्हणाला, "हे उमेदवार आहेत का पुराण लावलंय?" राघोपंत खोकले, घंटा वाजवून पाहिली, शेवटी आपणच पाठीशी दडून उपरणे ओढिले. ते त्यांनी ऐसे ओढिले, की उपरणे हातात आले आणि धारराव मागे वळून म्हणाले, "पंत, हा काय पोरखेळ? माणसं ऐकताहेत." आणि पुढे बोलू लागले. मुक्कामावर परतल्यावर राघोपंत म्हणाले, "रावसाहेब, थांबत का नाही?" धारराव म्हणाले, "थांबायचं कधी ते ती सांगायची. मला कधी शिकावंच लागलं नाही हो." 

निवडीचा दिवस आला. पक्षाची चाल ऐसी, की बोलत्यास कोणी थांबवू नये, त्याने आपण होऊन बसावे, आणि दोघांचे बोलणे संपल्यावर सभेने हात वर करून गादी द्यावी. दुसरी चाल ऐसी, की सभागृहात दिवा लावू नये, कारण पहिल्या सभेत लाविला नव्हता, आणि दिवस मावळेतो निवड न जाहल्यास गादी वयाने वडील उमेदवारास जावी. विसाजीराव दोन पावसाळ्यांनी वडील होते. म्हणोन विसाजीराव उठले, म्हणाले, "मला तुम्ही ओळखता, मी तुम्हाला ओळखतो, नवीन काही सांगायचं नाही," आणि लोडास टेकून हसत बसले. मग धारराव उठले, पडद्यास टेकले, उपरण्याचे टोक भोकातून मागे गेले, आणि बोलणे सुरू जाहले. प्रथम पूर्वजांविषयी बोलिले, मग पूर्वजांच्या विहिरींविषयी, मग विहिरींच्या पाण्याविषयी, आणि पाण्यावरून पावसावर गेले, आणि पावसावरून छत्रीवर, की छत्री आपल्या राज्यात कधी आली आणि ती येऊ द्यावयास हवी होती काय. जेवणवेळ टळली. विसाजीराव चाकरास म्हणाले, "पाणी द्या त्यांना. घसा कोरडा पडता कामा नये!" ऊन खिडकीतून आत आले, भिंतीवर चढले, तांबडे जाहले. राघोपंत डोळे मिटून बसले. धाररावांचे चेहऱ्यावर घाम आला होता, आणि जो जवळ होता त्यास दिसले, की हा माणूस आता बोलण्याच्या हौसेने बोलत नाही, कशाची तरी वाट पाहत बोलतो आहे.

पडद्यामागे बायका बसल्या होत्या. एक म्हणाली, "कढी फाटली असेल गं घरी." दुसरी म्हणाली, "कढीचं काय घेऊन बसलीस, माझ्या पायाला मुंग्या येऊन गेल्यासुद्धा."  आवडाबाईंच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि त्या जागेसमोर भोकातून आलेले उपरण्याचे टोक लोंबत होते. सगुणाबाई शेवटी शेवटी त्यांस म्हणाल्या होत्या, "कोणी थांबवलं नाही तर हे बोलतच राहतील हो." आवडाबाईंनी खिडकीकडे पाहिले आणि जाणिले, की अजून थोडा वेळ असेच चालले तर आपल्या नवऱ्यास गादी मिळते. मग पडद्याच्या फटीतून नवऱ्याकडे पाहिले, तो लोडास टेकून मिशीस पीळ भरीत होता. तेव्हा आवडाबाई पुटपुटल्या, "सगुणे, तू सुटलीस आणि हे माझ्या गळ्यात टाकलंस. आमचे हे घरात काडी इकडची तिकडे करत नाहीत, ते राज्यात काय करणार!" आणि सरकून त्या रिकाम्या जागेवर बसल्या, आणि टोक हाती घेऊन दोनदा हलके आणि एकदा दाबून ओढिले.

धारराव छत्रीच्या दांड्याविषयी बोलत होते ते शब्दातच थांबले. सभेत जे निजले होते ते शांततेने जागे जाहले. धारराव सावकाश मागे वळले आणि त्यांनी उपरणे भोकातून ताणलेले पाहिले, आणि पाहत असता ते सैल पडले. मग पुन्हा सभेकडे तोंड केले आणि म्हणाले, "सगुणाबाई म्हणाल्या होत्या, हा पडदा काढा. मी म्हटलं, बघू. गादी दिलीत तर काढीन, नाही दिलीत तर माझ्या हातात नाही. एवढंच." आणि बसले.

राघोपंत मनात म्हणाले, की बुडालो. काढीन हा शब्द त्या सभागृहात प्रथमच उच्चारला गेला होता. परंतु पहिल्या रांगेत पक्षातील सर्वांत वडील गृहस्थ होते, त्यांस कमी दिसत असे, ते शेजाऱ्यास म्हणाले, "बसले?" शेजारी म्हणाला, "बसले." "खरोखर बसले?" "पाठ टेकली, काका." तेव्हा काका ओरडले, "मग हात वर करा रे, पुन्हा उठायच्या आत!" आणि सर्व सभेचे हात एकदम वर गेले, आणि काही भुकेल्यांनी दोन्ही हात वर केले, आणि दिवस मावळावयाच्या आत धाररावांस गादी प्राप्त जाहली.

त्या दिवशी विसाजीराव घरी पाटावर बसले आणि म्हणाले, "उपरणं कोणी ओढलं?" आवडाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "मी पडद्यामागं होते." "म्हणून तर विचारतोय!" "पडद्यामागचं तुम्हाला दिसत नाही, ही तुमचीच रीत. भात घ्या." विसाजीरावांनी भात घेतला.

पुढे धाररावांनी पडद्याचा विषय सभेपुढे आणिला. मंडळी म्हणाली, दाखला नाही. तेव्हा तेच काका म्हणाले, "पहिली सभा आमच्या बापानं सांगितली आहे, चिंचेखाली भरली होती. चिंचेला कुठला पडदा? नवं खूळ म्हणाल तर पडदा हेच." तेव्हा पडदा काढावा ऐसे ठरले. शिडी आणिली. धारराव म्हणाले, की हे काम मी करीन, आणि शिडी पडद्याच्या मागल्या अंगास लावून स्वतः चढू लागले. या बाजूस ते कधी आले नव्हते. पहिल्या पायरीवरून खाली नजर गेली तो भोक समोर आले, तेव्हा पाहिले, की भोकाच्या कडेने निळ्या दोऱ्याची बारीक शिवण घातली आहे, कापड उसवू नये म्हणोन. धाररावांनी त्या शिवणीवरून बोट फिरविले आणि खाली उतरून म्हणाले, "उद्या करू."

आवडाबाई तेथे होत्या. धारराव त्यांस म्हणाले, "वहिनी, तो हात तुमचा होता ना?" आवडाबाई म्हणाल्या, "तुम्हाला कोणाचा वाटला, भावजी?" धारराव भोकाकडे पाहू लागले. मग आवडाबाई म्हणाल्या, "हे पहा, तुमचं तोंड पाहायचं तिचं राहिलं. आमचं तरी राहू नये. आणि ओढायचंच म्हणाल तर पडदा नसला तरी ओढीन, समोर येऊन ओढीन, तुमच्या विसाजीरावांच्या नाकासमोर ओढीन. मग?" धारराव हसले, आणि म्हणाले, "बघू." आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचा त्यांसच ऐकू आला, आणि ते मान खाली घालून निघून गेले.

त्यानंतर सभा पुष्कळ जाहल्या. धारराव पडद्यास टेकून उभे राहतात, मोजके बोलतात, मागून दोनदा हलके आणि एकदा दाबून ओढ लागते, आणि ते मागे न पाहता बसतात.

तात्पर्य, गादी मिळाली, बोलणे आटोक्यात आले, विसाजीराव भात खाऊन आहेत, घड्याळ बंद आहे. शिडी पडद्यास लाविलेली आहे. पडदा काढावयाचा राहिला आहे.