इंदुताईंची बकरी

तबस्सुमला एकच उत्तर हवं होतं. पूर आणि गावाचं आरोग्य या तिच्या प्रबंधाचं आख्खं प्रकरण त्यावर अडलं होतं: धरणाचं पाणी सुटलं की नदीकाठच्या या गावाला आधीच कळतं कसं? त्यासाठी चंद्रपूरहून येऊन ती घरोघर फिरली. सगळीकडे एकच उत्तर.

"कळते ना जी!"

शेवटी तिनं आठ बायकांची गटचर्चा ठरवली. निवांत जागा म्हणून टेकाडावरची शाळा. इंदुताई सगळ्यांत आधी निघाल्या. घरी पाहायला कोणी नव्हतं, म्हणून बकरीही सोबत.

थोड्याच वेळात तांदळाचं पोतं डोक्यावर घेऊन मुखरूभाऊ शाळेत शिरले. मागून गाद्या, कोंबड्या, शेगड्या, एक टीव्ही आणि उरलेलं गाव.

"भाऊ, चर्चा फक्त बायकांची आहे."

"चर्चा मंग करा. पूर येऊन राह्यला ना!"

तबस्सुमनं लख्ख आभाळाकडे बोट दाखवलं.

"धरणाचं पाणी का आभाळातून येते, मॅडम?"

"पण सांगितलं कोणी?"

मुखरूभाऊंनी व्हरांड्याकडे हात केला. "इंदुताईची बकरी शाळेत गेली, का पूर आला. घरी गेली, का ओसरला."

तबस्सुम हरखली. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालूच होतं.

"मग काल का नाही सांगितलं?"

"तुमी बकरीचं कुठी विचारलं?"

इंदुताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, मी चर्चेले आली! जा घरी!"

"तुमी कायले आल्या ते तुमचं. बकरी हालल तवा आमी हालू."

बकरी पोत्यातले तांदूळ खात होती. ती कशाला हलते? मग खिचडी शिजली, टीव्ही लागला, आणि आठ बायकांऐवजी सगळं गाव तबस्सुमशी एकदम बोललं.

संध्याकाळी ती कानात वायर घालून, रेकॉर्डिंग ऐकत, खुशीत बसथांब्याकडे निघाली. पिशवीत बिस्किटांचा पुडा उघडा होता.

बस थांबली. कंडक्टर दारातून तिच्या मागे बघतच राहिला. तबस्सुम वळली. पिशवीत तोंड खुपसलेली बकरी. तिच्यामागे पोतं, गाद्या, कोंबड्या, टीव्ही, गाव.

"एवढं सामान! कुठी जाऊन राह्यले?" कंडक्टर ओरडला.

मुखरूभाऊंनी डोक्यावरचं पोतं सावरलं. "अवंदा शाळाबी बुडते वाटते. कुठवरची तिकिटं काढाची, ते बकरीले विचारा."