ढगळ, पण मापात

सूचनाफलकावर परिपत्रक लागलं : ‘कायम होऊ इच्छिणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्यांनी शुक्रवारी ढगळ ब्लेझर घालून उपस्थित राहावे. मात्र ढगळपणा मापात असावा.’

आवक-जावकच्या बाई अकरा वर्षं हंगामी होत्या. त्यांनी नवऱ्याचा ब्लेझर चढवला. आत आणखी एक बाई सहज मावली असती.

“शोभतोय गं,” नवरा म्हणाला. “माझ्या अंगावर कधी एवढा रुबाब केला नाही त्याने.”

बुधवारच्या पूर्वतपासणीत गणवेश-तपासनीसांनी मान हलवली. “बाई, हा ढगळ नाही. हा मोठा आहे.”

“फरक काय, साहेब?”

“मोठा दुसऱ्याचा असतो. ढगळ आपल्या मापाने शिवून घ्यावा लागतो.”

बाई धावतपळत शिंप्याकडे गेल्या. त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “ताई, उभा जन्म अंगावर बसेल असं शिवण्यात गेला. किती न बसवू?”

“मापात.”

“कुणाच्या?”

बाईंनी कार्यालयात फोन करून विचारलं. उत्तर आलं : खांदा चार बोटं खाली, बोटं तपासनीसांची, बाही नखं झाकून पुढे आणखी वीतभर.

शुक्रवारी तपासनीसांनी खांद्यावर बोटं टेकवली आणि खूश झाले. “वा! निष्काळजीपणा किती काळजीपूर्वक शिवलाय!” कुणी बाही दुमडू नये म्हणून त्यांनी दोन्ही टोकांना लाखेची मोहोर लावली आणि कायम होण्याचा अर्ज पुढे सरकवला. “करा सही.”

बाईंचा हात बाहीतच चाचपडत राहिला.

“साहेब, जरा वर सरकवू?”

“अहो, मोहोर तुटेल!”

“मग सही कशी करू?”

“ते आस्थापना शाखेला विचारा. माझ्याकडे फक्त गणवेश.”

घड्याळात पाच वाजले. तपासनीसांनी नोंद केली : ‘सहीस टाळाटाळ. उमेदवार पदाच्या मापात बसत नाहीत.’

अकरा वर्षं एका ओळीत आटोपली. डोळे पुसायला मात्र बाही पुरून उरली.

मागे ढगळ ब्लेझर घालून रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्या तेवीस हंगामींत कुजबुज वाढली. “हे काही बरोबर नाही हं!”

तपासनीस वळले. “कुणाची हरकत आहे? हात वर करा.”

तेवीसच्या तेवीस हात ताडकन वर झाले. तपासनीसांनी चष्मा सारखा करून रांग नीट न्याहाळली. बाह्या लोंबत होत्या. बोट एकही दिसत नव्हतं.

‘हरकत : शून्य,’ त्यांनी लिहिलं.

तुम्ही म्हणाल, “त्यात माझाही हात होता.” असेल हो. बाईंनी वळून पाहिलं तेव्हा तुमची बाही दिसली त्यांना. छान शिवलीय.