एक वाजताचा ओटा

वैशाखात दुपारी एकच्या सुमाराला पलूसमधला शहाणा माणूस दार लावून पंख्याखाली आडवा होतो. आमच्या शेजारचे हणमंतनाना नेमके त्याच वेळी घराचं मागचं दार उघडतात, चपला उंबऱ्याच्या आत काढून ठेवतात आणि परसातल्या ओट्यावर अनवाणी जाऊन उभे राहतात. छाती पुढे, हात मांड्यांना चिकटलेले. आणि मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मोजायला लागतात, "एक! दोन! तीन!"

पहिल्या दिवशी मला वाटलं, कुठंतरी कवायत चाललीय. खिडकीतून डोकावलो तर ओट्यावर एकटे नाना. "अकरा!" म्हणाले आणि बाराला असे उडाले की थेट घरात. आतून पुन्हा आवाज आला, "रिपोर्ट! अकरा!" हा रिपोर्ट कुणाला चालला होता कळेना, कारण घरात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं.

मी शाळामास्तर आहे. मे महिन्यातली दुपारची झोप हे माझं आयुष्यातलं एकमेव ऐश्वर्य, आणि ते रोज एक वाजता लुटलं जाऊ लागलं. तेव्हा मी नानांबद्दल जे लिहितोय त्यात थोडा राग मिसळलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नाना फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावाने परस्पर त्यांना सुभेदार करून टाकलं, पण नाना प्रत्येकाला रस्त्यात थांबवून दुरुस्ती करतात. "सुभेदार न्हाई, हवालदार. आपली न्हवं ती फीत लावायची न्हाई." मिशी पांढरी, पाठ ताठ. कुठलाही विषय काढा, नाना लडाखमार्गेच त्यावर येणार. कांद्याच्या रोपांबद्दल विचारलं तरी, "आमी लडाखला हुतो तवा..."

त्यातली पायांची गोष्ट तर मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल. "मास्तर, बर्फात पाय दुकतुया तवर काळजी न्हाई. दुकायचा थांबला की घाबरायचं! आन आपलं पाय आपुन तपासायचं न्हाईत. जोडीदारानं जोडीदाराचं बगायचं. रोज सांजच्याला बूट काढायचं, बोटं मोजायची, रिपोर्ट द्यायचा." मी मान डोलवायचो. पलूसमध्ये बर्फ फक्त रसवंतीत मिळतो, त्यामुळे या ज्ञानाचा मला काही उपयोग दिसत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात नानांनी नवं घर बांधलं. शालनकाकींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, सगळं आयुष्य आधी सासरच्या एकत्र कुटुंबाच्या मोठ्या खटल्यात आणि मग फौजेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. भिंतीचा रंग असो की दाराचा पडदा, कधी कुणी त्यांना विचारलं नव्हतं. या वेळी नाना त्यांना सांगलीला फरशीच्या दुकानात घेऊन गेले. काकींनी दुकानभर हिंडून एका काळ्याभोर, चकचकीत कडप्प्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही." मागच्या सबंध ओट्याला तीच फरशी बसली. वास्तुशांतीला नाना प्रत्येक पाहुण्याचा दंड धरून मागं नेत होते. "शालननं पसंत केलीया. बगा, वाकून बगा, तोंड दिसतंय." आम्ही सगळ्यांनी जिलेबी चावत वाकून आपापली तोंडं पाहिली आणि तारीफ केली.

ओटा पश्चिमेला, वर छप्पर नाही, फरशी काळी. काळा रंग उष्णता जास्त शोषतो, हे मी इतकी वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवतोय. पण त्या दिवशी माझ्याही डोक्यात चैत्र आला नाही.

चैत्र मात्र वेळेवर आला. त्यातच काकींच्या पायाला काहीतरी लागलं आणि त्या उपचाराला मिरजेला लेकीकडे गेल्या. दीड महिना तरी लागेल, एवढंच नाना म्हणाले. एरवी पाण्याच्या टाकीविषयीही अर्धा तास बोलणारा माणूस, पण या विषयावर पुढे बोलेना. आणि दुसऱ्या दिवसापासून हे मोजणं सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी मी कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन जाब विचारला.

"नाना, हे काय चाललंय?"

"शालन यायच्या आत शंभर गाठायचं."

"शंभरच का?"

"मागच्या दारातनं तुळशीपातूर जायचं, पानी घालायचं, चार कापडं वाळत टाकायची आन माघारी यायचं. मोजलंया मी. शंभर लागत्यात. एक वाजता उगड्या पायानं शंभर मोजूस्तवर हुबं ऱ्हाता आलं पायजे."

"पण चपला घालाव्यात की माणसानं!"

नानांनी माझ्याकडे नवशिक्या शिपायाकडे बघावं तसं बघितलं. "चपलंचा विलाज हितं चालत न्हाई," म्हणाले आणि आत गेले.

मग युद्ध सुरू झालं. हा शब्द माझा नाही, त्यांचाच. "दुश्मन पच्छिमेकडनं येतुया," असं ते रोज सकाळी दात घासताना मला सांगायचे. पहिला हल्ला पाण्याचा. बारा वाजता त्यांनी पाइपने ओटा भिजवला. फरशीतून अशी वाफ निघाली की आमच्या घरातही गदमदायला लागलं. दहा मिनिटांत ओटा कोरडा, टाकी रिकामी आणि नाना घसरून पडलेले. तरी उठून मोजलंच. रिपोर्ट, चौदा.

मग द्राक्षाच्या रोपवाटिकेतली हिरवी जाळी आली. ती त्यांनी डोक्याला लागेल इतकी खाली बांधली, त्यामुळे खाली हवा कोंडून भट्टी झाली. शिवाय चौथ्या दिवशी वळवाच्या वाऱ्याने ती जाळी उचलली आणि आमच्या टाकीवर आणून टाकली. नाना भिंतीवरून म्हणाले, "मास्तर, आमची जाळी शरण आलीया व्हय तुमच्याकडं?" मी ती घडी करून परत दिली, पण मनातून मला बरं वाटलं होतं.

मग शेणाचा सडा झाला. गुळगुळीत कडप्प्यावर शेण कसं धरणार? दुपारपर्यंत त्याचे पापड सुटले. मी म्हटलं, "नाना, सरळ पांढरा चुना मारा. नाहीतर उखडूनच टाका फरशी."

नाना चिडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "चुना मारायला ती काय मोरी हाय? शालननं पसंत केल्याली फरशी हाय ती! ती आल्यावर जशीच्या तशी दिसली पायजे. आन उखडली तर तिला काय वाटंल? तिला वाटंल, माझंच चुकलं."

माझी बायको सुनीता ओट्यावरचं हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती. मी आत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही घरातला पडदा तरी मला विचारून आणला होता का?"

आता लढाईला नवीन वळण लागलं. नानांनी चुलतभावाच्या रानातून ट्रॉलीभर उसाचं पाचट आणलं. दोन पुरुष उंचीचा मांडव घातला, त्यावर वीतभर जाड पाचट पसरलं आणि चारी बाजूंनी वारा खेळेल अशी मोकळीक ठेवली. पाणी आता भर दुपारी नाही, तर पहाटे मारायचं आणि फरशी दिवसभर सावलीत ठेवायची. दोन दिवसांनी गल्लीतली तीन कुत्री येऊन ओट्यावर पसरली. दुसरा कुणी असता तर हाकललं असतं. नानांनी मला हाक मारून दाखवलं, "बगा मास्तर! कुत्रं कुनाचं मन राखाय म्हणून कुठं झोपत न्हाई." मी घरातला डिजिटल थर्मामीटर देऊ केला, तो त्यांनी परत केला. "ह्याला आकडा कळतुया, चटका कळत न्हाई."

चाळीस. अठ्ठावन्न. एकाहत्तर. मला कबूल करायला लाज वाटते, पण पावणेएकला माझी झोप आपोआप उडायला लागली. काल किती झाले होते ते सुनीता भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायची. दूधवाला विचारायचा, किराणावाला विचारायचा, "सुभेदारांचं किती झालं?"

काकी शुक्रवारी यायच्या होत्या. बुधवारी आकडा ब्याऐंशीवर अडकला. तुळशीपाशी हातभर ऊन मांडवाखालून तिरकं आत घुसत होतं. मी म्हटलं, तुळस अलीकडे घ्या. "तुळस हलायची न्हाई. तिनं ठेवलीया." गुरुवारी सकाळी त्यांनी पश्चिमेच्या बाजूला ओल्या पोत्यांचे पडदे सोडले. त्यातून येणारा वारा आमच्या भिंतीपर्यंत गार लागत होता.

त्या दुपारी मी आणि सुनीता भिंतीपाशी उभे होतो. नाना तुळशीसमोर, सावधान. पन्नासपर्यंत आम्ही ऐकलं. साठपासून मीही मोजायला लागलो, ऐंशीनंतर सुनीता. नव्वदला समोरच्या घरातले लोक बाहेर आले. "अठ्ठ्याण्णव! नव्याण्णव! शंभर!" नानांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि तिथून हललेच नाहीत, एकशेवीसपर्यंत मोजत राहिले. मग आत तोंड करून ओरडले, "रिपोर्ट! एकशेवीस!" मी टाळ्या वाजवत होतो. आमच्या सातवीचा शंभर टक्के निकाल लागला तेव्हाही मी इतका खूश झालो नव्हतो.

शुक्रवारी बाराला जावयाच्या गाडीतून काकी आल्या. आम्हीही जाऊन बसलो. काकींनी मागचं दार उघडलं, मांडव पाहिला, पडदे पाहिले, झोपलेली कुत्री पाहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवं, हे काय केलंया? समदा सावलीचाच कारभार! आता माज्या कुरडया कुठं वाळवू?"

नानांचं तोंड बघण्यासारखं झालं. दीड महिन्याच्या युद्धात कुरडयांचा विचार राहूनच गेला होता.

"गच्चीवर. मी वाळवतो. कावळं पन मीच राखतो."

"आन एवढा उद्योग कशापायी? मला कुठं चटका लागत हुता?"

नानांनी आतून खुर्ची आणून ओट्यावर ठेवली. मग काकीच आमच्याकडे वळून, शेजारपाजारचं काही सांगावं तसं सांगायला लागल्या. "पायाला कायबी कळत न्हाई वो आता. शुगरनं बधिर झाल्यात. चैतात हितंच मिरच्या पसरत अर्धा तास हुबी हुते. तळवं भाजलं, फोड आलं, मला पत्ता न्हाई. ह्यांनीच बगितलं. चप्पल घातली तर ती पायातनं कवा सुटती त्येबी कळत न्हाई. म्होरं गेल्यावर मागं बगावं तर चप्पल तितं आन मी हितं!" आणि त्या हसल्या. आम्हाला हसू आलं नाही. इतके दिवस मी त्या आकड्यांवर आधी चिडत, मग टाळ्या वाजवत होतो आणि नाना रोज बायकोच्या वाटणीचा चटका स्वतःच्या तळव्यांवर घेत होते. मला भयंकर लाज वाटली.

"बस," नाना म्हणाले. काकी खुर्चीत बसल्या. नाना समोर त्या काळ्या फरशीवर मांडी घालून बसले, काकींचा पाय मांडीवर घेतला, तळवा उजेडाकडे वळवला आणि बोटं एकेक करून बाजूला सारून पाहिली. "एक, दोन, तीन..." या वेळी आवाज शेजारीही ऐकू जाणार नाही इतका हळू. मग दुसरा पाय.

"काय रिपोर्ट?" काकींनी विचारलं.

"धा. समदी हजर."

"मग सोडा आता. तुळशीला पानी घालायचंय."

एक वाजला होता. काकी तांब्या आणि नानांनी धुतलेले दोन कपडे घेऊन अनवाणी ओट्यावर निघाल्या आणि मी मनात मोजायला लागलो. चाळीसला पाणी घालून झालं. ऐंशीला दोन्ही कपडे दोरीवर पडले. शंभरात परत यायच्या होत्या, पण ओट्याच्या मधोमध त्या थांबल्या. वाकल्या. फरशीत आपलं तोंड पाहिलं, कपाळावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा पाहिलं. नाना दारात उभे होते, त्यांनी हाक मारली नाही.

"किती झालं, मास्तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकशेचाळीस."

"हुं द्या," नाना म्हणाले. "फरशी गार हाय."