घर पाहून राहिलो

“स्वस्त मिळो की महाग, आधी शेजार पाहून घ्या,” उत्तराबाईंनी नवऱ्याला बजावलं. “आणि पाहाल तर दुपारचं पाहा. सकाळ-संध्याकाळ पुरुष माणसं घरी असतात, तेव्हा सगळंच चांगलं दिसते. तुम्ही ऑफिसात गेल्यावर एकटी मी राहीन. मला दुपार पाहिजे.”

मार्तंडराव पिंपळखुट्यांनी मान डोलावली. नवं मोठं राज्य झालं, नागपूरच्या कचेऱ्या उठल्या, आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर मार्तंडरावही मुंबईच्या सचिवालयात येऊन पडले. तेव्हापासून नवराबायको पार्ल्याला उत्तराबाईंच्या मामेभावाकडे, श्यामकांतकडे, उतरली होती. श्यामकांत माणूस सोन्यासारखा, पण जागा दोन खोल्यांची. शुभावहिनी अलीकडे भांडी जरा जोरात ठेवू लागल्या होत्या. त्या आवाजाचा अर्थ मार्तंडरावांना कळला नव्हता; उत्तराबाईंना पहिल्याच पातेल्याला कळला होता.

मार्तंडरावांचं असं होतं की मुंबईत आल्यापासून त्यांचा आ वासलेला तो मिटतच नव्हता. इथली माणसं न थांबता पत्ता सांगतात, न थांबता तो ऐकून घेतात, आणि दोघंही बरोबर ठिकाणी पोचतात, हे पाहून ते चकित होत. दुमजली बस वळणावर कलत कशी नाही हे पाहायला ते एकदा मुद्दाम कोपऱ्यावर थांबले होते. “बाप्पा!” एवढंच ते म्हणत, आणि ते म्हणणं मनापासून असे.

जागेबद्दल ऑफिसात ज्याला विचारावं, तो आपलं उपनगर सोडून बाकी सगळीकडे मरणच आहे असं सांगे. बोरिवलीचे गृहस्थ म्हणाले, “अंधेरीला? अहो, सकाळी वाळत घातलेलं धोतर दुपारी दिसायचं नाही!” अंधेरीकर म्हणाले, “बोरिवलीला वाघ येतो. नुसता येत नाही, ओसरीवर बसतो.” वाघाचं मार्तंडरावांना तितकंसं काही वाटलं नाही, विदर्भातला माणूस. पण मुंबईचा वाघ ओसरीवर बसतो हे ऐकून त्यांना त्याच्याबद्दलही आदर वाटला. पार्ल्यात हजारोंच्या पगडीशिवाय कुणी दारात उभं करत नव्हतं. घाटकोपरची एक जागा उत्तराबाईंनीच नाकारली, कारण मालकीणबाई त्यांच्या बांगड्यांकडे फार वेळ बघत होत्या.

शेवटी शेजारच्या टेबलावरचे नंदकुमार म्हणाले, “आमच्या मुलुंडला या ना. जांभूळवाडीत एक खोली रिकामी आहे. पगडी नाही, भाडं झेपेल असं. संध्याकाळी माझ्याबरोबरच चला, मालकांची गाठ घालून देतो.”

“दुपारी पाहावी म्हणतो,” मार्तंडराव म्हणाले.

“दुपारी? दुपारी कोण भेटणार तुम्हाला?”

पण मार्तंडरावांचा निश्चय झाला होता. प्रश्न रजेचा होता. घर शोधायला साहेब रजा देत नसत. त्यांच्या मते घर शोधायला रविवार असतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मार्तंडरावांनी पोट दुखतंय असं कळवून टाकलं, आणि ठणठणीत पोटानं, हातात छत्री घेऊन ते मुलुंडला उतरले.

मुलुंड पाहून ते थक्कच झाले. आखल्यासारखे सरळ रस्ते, एकमेकांना काटकोनात छेदणारे. मागं निळसर डोंगर. जांभूळवाडीत समोरासमोर दोन बैठ्या चाळी, मधे अंगण, अंगणात वाळत घातलेले पापड, आणि सगळी दारं सताड उघडी. एवढी शांतता त्यांनी नागपुरात फक्त वैशाखातल्या दुपारी अनुभवली होती.

त्यांनी कामाला सुरुवात केली. रिकाम्या खोलीला बाहेरून कडी होती. तिच्या खिडकीचे गज त्यांनी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले. मजबूत होते. मागच्या फाटकाची कडी काढून लावली, लावून काढली. मग कुंपणाच्या भिंतीवरून बाहेरच्या माणसाला आतलं दिसतं का, हे पाहायला ते बाहेर जाऊन चवड्यांवर उभे राहिले. दिसेना. म्हणून त्यांनी दोन-तीन उड्या मारल्या. उडी मारली की पापड दिसत.

पुढच्या चाळीच्या पायरीवर चष्मा लावलेल्या एक प्रौढ बाई तांदूळ निवडत होत्या. त्या मृणालिनीबाई. मार्तंडरावांनी आत येऊन त्यांना नमस्कार केला.

“एक विचारू का? दुपारी या वाडीत पुरुष माणसं असतात का?”

“छे हो,” मृणालिनीबाई गोड हसल्या. “सगळे हापिसात.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“आणि रात्री? राखणीला गुरखा वगैरे?”

“गुरखा कुठला आम्हाला परवडायला!”

“कुत्रा?”

बाईंचा तांदळातला हात क्षणभर थांबला. “नाही हो, कुत्रंही नाही.”

“बरं, त्या मागच्या फाटकातून स्टेशनावर लवकर पोचता येते का?”

“अगदी लवकर. का, घाई आहे का तुम्हाला? पाणी घ्या आधी. उन्हाचे आलात.” त्यांनी तांब्याभांडं आणलं. मार्तंडराव पाणी पीत असताना त्या म्हणाल्या, “चहा टाकते. तोवर इथं उन्हात कशाला बसता? ती खोली रिकामीच आहे. बसा आत गारव्याला.”

मार्तंडरावांचं मन भरून आलं. अनोळखी माणसाला पाणी, चहा, बसायला खोली! ते आत गेले. आणि मागं कडी सरकल्याचा आवाज आला.

आरडाओरडा काही नाही. याचंच त्यांना फार नवल वाटलं. खिडकीतून पाहतात तर मघाशी निर्मनुष्य असलेल्या अंगणात बायकाच बायका. कुणी पुढच्या फाटकाशी, कुणी मागच्या. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, जी ती आपापल्या जागी. एकीनं तेवढ्यात पापडसुद्धा उचलून घेतले. खिडकीसमोर एक धिप्पाड बाई मुसळ घेऊन येऊन ठाकली. शेवंतीबाई, मालवणकडच्या.

“गो मृणालिनी, ह्येका मी मगाशीच बघलंय. भिंतीकडे उड्यो मारी होतो मेलो!”

“बाप्पा!” मार्तंडराव पुटपुटले.

“कोण तुम्ही?” मृणालिनीबाईंनी विचारलं. आवाजात आता तो गोडवा नव्हता.

“मी मार्तंड पिंपळखुटे. सचिवालयात आहो. मी घर पाहून राहिलो.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“पाहून राहिलात? कुठं राहिलात?”

“राहिलो नाही हो. पाहून राहिलो. किती तरी दिवसांपासून पाहून राहिलो.”

“अगं बाई! किती तरी दिवसांपासून!” मागची प्रेमा म्हणाली. ती वाडीतली सगळ्यांत धाकटी सून. “म्हणजे आधी बघून गेले आणि इथंच कुठं तरी लपून राहिले!”

“लपून नाही, पाहून!”

“आणि पुरुष माणसं कधी नसतात, कुत्रं आहे का, हे कशाला विचारत होतात?”

“बायकोनं सांगितलं होतं.”

“बायको पण यात आहे!” प्रेमानं कपाळाला हात लावला.

“अहो, तीच म्हणाली, दुपारचं पाहा, पुरुष नसताना पाहा!”

शेवंतीबाईंनी मुसळ या हातातून त्या हातात घेतलं. आपण जे जे खरं सांगतो ते गजांतून बाहेर पडताच वेगळंच काही तरी होतं, हे मार्तंडरावांच्या ध्यानात आलं. घाम पुसत ते म्हणाले, “हवं तर सचिवालयात फोन करून विचारा. पिंपळखुटे म्हणा, कुणीही सांगेल.”

हे मृणालिनीबाईंना पटलं. फाटकासमोर डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथं फोन होता. प्रेमा पळत गेली आणि पळतच परत आली.

“वाट लागली यांची! मी विचारलं, पिंपळखुटे आहेत का? ते म्हणाले, पिंपळखुटे घरी झोपलेत, पोट दुखतंय त्यांचं! खरे पिंपळखुटे बिचारे आजारी आहेत, आणि हा त्यांचं नाव लावून फिरतोय!”

मार्तंडरावांनी पोटावर हात ठेवला. गंमत म्हणजे आता त्यांचं पोट खरोखरच दुखू लागलं होतं.

प्रेमानं येतायेता चौकीवरही निरोप धाडला होता. थोड्या वेळानं पिवळी टोपी सावरत सहदेव हवालदार आले. त्यांनी खिडकीतून मार्तंडरावांना नीट न्याहाळलं. धोतर, कोट, छत्री.

“काय रे, किती घरं फोडलीस आजवर?”

“हवालदारसाहेब,” मार्तंडराव गज धरून म्हणाले, “ते राहू द्या. मला एवढंच सांगा, या वाडीत चोऱ्या होतात का हो?”

हवालदारांनी टोपी मागं सारली. असा प्रश्न त्यांना कोंडलेल्या माणसानं कधी विचारला नव्हता.

“या वाडीत? गेल्या पावसाळ्यात एक शिरला होता. तो आपल्या पायानं चौकीत आला आणि म्हणाला, साहेब, आधी मला आत घ्या, ह्या बायका मागून येतायत. तेव्हापासून कुणी फिरकलं नाही. तू नवीन दिसतोस.”

“बाप्पा!” मार्तंडराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगणात उभ्या असलेल्या त्या बायकांकडे ते पाहू लागले. एकीच्या हातात पोळपाट होता, दुसरीच्या हातात कपडे धुण्याचं धोपटणं, आणि मृणालिनीबाई पुन्हा पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या, एक डोळा कडीवर ठेवून. आपण अख्खी मुंबई पालथी घालून जे शोधत होतो ते हेच. आणि ते आपल्याला पुरतं सापडलं असून, आपण त्याच्या आतच आहोत.

हवालदार त्यांना चौकीवर नेणार तोच हापिसं सुटून माणसं वाडीत येऊ लागली. त्यांच्याबरोबर नंदकुमारही आले. मार्तंडरावांसाठी मालकांशी दोन शब्द बोलून ठेवावेत म्हणून ते वाट वाकडी करून आले होते. खिडकीतला चेहरा पाहून ते जागीच उभे राहिले.

“अहो पिंपळखुटे! तुमचं पोट दुखत होतं ना?”

मग सगळा उलगडा झाला. कडी निघाली, मघाचा राहिलेला चहा झाला, वर पोहेही आले. शेवंतीबाईंनी मुसळ भिंतीला टेकवून स्वतः बशी पुढं केली. “खावा हो. राग मानू नुको. आमका काय म्हायत?”

“राग?” मार्तंडराव म्हणाले. “अहो, मी धन्य झालो. ही खोली मला द्या. उद्याच सामान आणतो.”

वाडीचे मालक नाईक पायरीवर बसले होते. त्यांनी मृणालिनीबाईंकडे पाहिलं. मृणालिनीबाईंनी शेवंतीबाईंकडे. बायका उठून विहिरीपाशी गेल्या, काही कुजबुजल्या आणि परत आल्या.

“माणूस तुम्ही सज्जन आहात,” मृणालिनीबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “पण स्पष्टच सांगते, खोली नाही देता येणार.”

“काहून हो?”

“तुम्हाला मी पाणी दिलं, आत बसा म्हटलं, आणि तुम्ही छत्री घेऊन सरळ आत गेलात. इकडे तिकडे बघितलंसुद्धा नाहीत. उद्या कुणी चोर येऊन असाच गोड बोलला, तर तुम्ही त्याला चहा पाजून आमची घरं दाखवाल. तुमच्यासारखा माणूस वाडीत असला, तर आमचं काय खरं आहे?”

मार्तंडरावांनी विचार केला, आणि हेही त्यांना तंतोतंत पटलं.

पार्ल्याला परतल्यावर त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं, इतक्या कौतुकानं की शुभावहिनीही पातेलं हातात धरून ऐकत राहिल्या.  रविवारी उत्तराबाई लुगडं नेसून तयार झाल्या. “चला. आणि तिथं तुम्ही तोंड उघडायचं नाही.”

जांभूळवाडीत बायका अंगणातच होत्या. मृणालिनीबाईंनी उत्तराबाईंचं आगतस्वागत केलं, नागपूरची चौकशी केली. उत्तराबाईंनी विचारलं त्याला उत्तर दिलं, न विचारलेलं एक अक्षर सांगितलं नाही. मग मृणालिनीबाई उठल्या, रिकाम्या खोलीचं दार उघडून बाजूला झाल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “या ना, खोली तर बघून घ्या आतून.”

उत्तराबाई उंबऱ्याशी थांबल्या. त्यांनी कडीकडे पाहिलं, मृणालिनीबाईंकडे पाहिलं, आणि त्याहून गोड आवाजात म्हणाल्या, “आधी तुम्ही व्हा पुढं. तुमचा मान आहे.”

 मग शेवंतीबाई मोठ्यानं हसल्या. “दी गो हिका खोली! ही आमच्यातलीच असा.”

खोली मिळाली, पण उत्तराबाईंच्या नावावर. नाईकांनी भाडेपावतीवर तसंच लिहिलं आणि मार्तंडरावांनी त्या पावतीकडे अभिमानानं पाहिलं. पुढं कितीतरी वर्षं ते त्या वाडीत सुखानं राहिले. रजेच्या दिवशी दुपारी घरी असले आणि दार वाजलं, तर जागेवरून उठायचं नाही, एवढी एकच अट वाडीनं त्यांना घातली होती. ती त्यांनी कधी मोडली नाही.