पिवळ्या फुलाच्या नावाची मोहीम

श्रीबिरोबा प्रसन्न. शके १९१६, भावनाम संवत्सरी, आश्विन मासी सणसर मुक्कामी जे थोर कार्य घडले त्याची हकीकत ऐसीजे. दादासोंची कन्या सुकन्या बारामतीस कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत असता सहलीच्या फौजेसोबत राजगडावर चालोन गेली आणि पिवळ्या फुलांची दोन झाडे कैद करून, वर्तमानपत्रात दाबून, एस.टी.ने सुखरूप घेऊन आली. मग प्राध्यापकांचे फर्मान सुटले की, सोमवारी झाड कागदावर चिकटवून नावानिशी रुजू करावे. बेनाव झाडास गुण नाही, आणि गुण नाही तर प्रॅक्टिकल नापास.

सबब रविवारी सकाळी गोठ्यापाशी दरबार भरला. सहा म्हशींचे धनी दादासो नजर टाकताच वदले, "कारळा हाय. त्यात काय बघायचं?" सुकन्येने बापास अर्ज गुजारला की, तात्या, कारळ्याचं पान असलं नसतं. मग दादासोंनी खानदानी कसोटी मुक्रर केली: कारळ्यास गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणोन तर तो शेताच्या कडेने पेरतात; तरी एक झाड म्हशीपुढे धरावे. धरले. म्हशीने झाड फस्त केले, आणि मग खालचे वर्तमानपत्रही, अग्रलेखासह, तितक्याच आवडीने फस्त केले. सबब साक्ष बाद, आणि निम्मे लष्कर गारद. सुकन्येच्या डोळ्यांस पाणी आले.

इतक्यात दादासोंच्या चुलती तानूबाई, तीस वर्षे मेंढरांमागे घाट तुडविलेल्या, ताक न्यावयास आल्या आणि सारे ऐकोन घेतले.

"दादा, म्हशीला इचारलंस, मला न्हाय इचारलंस व्हय?"

दादासो शेणाची पाटी उचलोन रणातून बाजूस जाहले. मग बाईंनी उरल्या झाडाचे एकच सुकले बोंड तळहातावर चुरून फुंकर मारिली, तो पांढरा कापूस उडाला.

"कारळ्याचं बी काळं, गुळगुळीत. भाकरीसंगं चटणी हाणतोस न्हवं त्याची? त्यात कापूस गावला कदी? ही सोनकी हाय, पोरी. दिवाळी सरली की आमी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो, तवा घाटात उरलीसुरली दिसायची."

सुकन्येने ग्रंथ उघडिला, सोनकीचे पान काढिले, आणि कापूस, पान, पाकळी, सारे जुळले.

सोमवारी कागद कॉलेजच्या दरबारी रुजू जाहला. 'ओळख पटविणार' या रकान्यात 'तानूबाई, सणसर' ऐसे वाचोन प्राध्यापकांनी सवाल केला, "या मॅडम कुठल्या कॉलेजच्या?"

"कॉलेजच्या न्हाईत, सर. मेंढरं राखायच्या."

प्राध्यापकांनी लाल पेन काढिले. मग त्यांनी नावाआधी 'श्रीमती' ऐसे लिहिले, आणि खाली सही केली.

येणेप्रमाणे दोन दिवसांत सोनकी सर जाहली, आणि कागद डांबरगोळ्यांच्या पहाऱ्यात कपाटी दाखल जाहला.