अप्पांकडं गाळणी नाही

आमच्या शेजारच्या अप्पांच्या घरात चहाची गाळणी नाही. ती आमच्या घरात आहे, म्हणून त्यांच्या घरात नाही. हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावून सांगितलं की शेवटी मलाही पटायला लागलं.

"तुमच्या-आमच्यात भिंत एकच हाय, प्रकाशराव. त्या बाजूला गाळणी असताना ह्या बाजूला आणखी एक कशाला? भागतंय की!"

"भागतंय की" हे अप्पांचं सगळं तत्त्वज्ञान. लोहाऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणी नवीन वस्तू आणली की अप्पा येऊन तिच्याभोवती एक फेरी मारतात आणि हळहळतात, "याच्याबिगर भागत नव्हतं का?" समोरच्यांनी सोफा आणला तेव्हा त्यांनी अशा आवाजात चौकशी केली, की मला वाटलं त्या घरात कुणाला दवाखान्यात ठेवलंय.

अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. पेन्शन आहे, हातही सैल आहे. गल्लीत कुणाचं पोर पास झालं की पहिला पेढ्यांचा पुडा अप्पांचा. पण काकू वारल्यानंतर त्यांनी घरातलं सामान हळूहळू वाटून टाकलं. एक पातेलं, तवा, ताट, तांब्या आणि सतरंजी एवढंच ठेवलं. त्यांचा नियम असा, की झाडून काढताना जे सरकवावं लागतं ते जास्तीचं.

नियम चांगलाच आहे. फक्त तो पाळायला आख्खी गल्ली राबते. शिडी समोरच्यांची, खलबत्ता कोपऱ्यावरचा, कुकर आणि गाळणी आमची. एकदा आमच्याकडं पाहुणे आले, चहा उकळला आणि गाळणी अप्पांकडं! मी आमचीच गाळणी मागायला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"न्या की," अप्पा मोठ्या मनानं म्हणाले. "पर संध्याकाळी आठवणीनं आणून द्या."

बायकोनं त्या दिवशी माझ्यावरच्या रागानं भांडी आपटली. "साधं राहायचं त्यांनी आणि आमच्या घरात काही जागेवर सापडायचं नाही!"

त्यात अप्पांची मागायची पद्धत. दारात येऊन वस्तू मागितली आणि नेली, असं कधी होत नाही. आधी उंबऱ्याशी टेकणार. तुरीला फुलं लागली का, सकाळची सोलापूर गाडी का आली नाही, आमच्या पोरीचं गणित कसं चाललंय, सगळं विचारणार. तोवर चहा येतो. चहा पिऊन उठताना म्हणणार, "बरं सूनबाई, ती गाळणी द्या. च्या करावा म्हणतो."

या दिवाळीला त्यांची मुलगी शोभा सोलापूरहून आली आणि तिनं नेमकं वडिलांना आमचा कुकर काखेत घेऊन गल्लीतून जाताना बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अप्पा, असं दारोदार मागत फिरता, लोक मला काय म्हणतील? एक तर घरात सगळं भरून देते, न्हाईतर माझ्यासंगं सोलापूरला चला."

सोलापूरचं नाव निघाल्यावर अप्पा नरमले. तिच्या तिसऱ्या मजल्यावर ते एकदा राहून आले होते. "पोरगी लई जीव लावती," ते मला म्हणाले होते, "पर तिथं शेजारचं दार उघडं दिसलं तर लोक वॉचमनला बोलावत्यात." म्हणून त्यांनी सामान घ्यायचं कबूल केलं. टेम्पो आला. कुकर, मिक्सर, डबे, शिडी आणि एक सोडून दोन गाळण्या.

"सुटले बाई," बायको म्हणाली.

अप्पा यायचे बंद झाले. पहिल्यांदा बरं वाटलं. आमची गाळणी आपल्या खिळ्यावर दिसायला लागली. पण मग सकाळचा चहा गाळताना बायको दाराकडं बघायला लागली. शेवटी तीच म्हणाली, "जरा बघून या. बरे आहेत ना अप्पा?"

मी गेलो. डब्यांच्या आणि खोक्यांच्या मधोमध अप्पा सतरंजीवर बसले होते. मला बसायला जागा करण्यासाठी त्यांना मिक्सर सरकवावा लागला.

"काय अप्पा, भागतंय का?" मी चेष्टेनं विचारलं.

"सगळं हाय की आता." ते मिक्सरकडं बघत म्हणाले. "तुमची काकू गेली तवाबी घरात सगळं होतं. एकट्यापुरता च्या करायचा, प्यायचा, कप धुवायचा. दिवस काही सरत नव्हता. मग एक दिवस गाळणी देऊन टाकली, अन् तुमच्याकडं मागायला आलो. सूनबाई म्हणली, बसा."

"मग नुसतंच यायचं, अप्पा. गप्पा मारायला."

"नुसतं कसं यावं? तुमची कामाधामाची घरं. म्हातारं माणूस रोज नुसतं येऊन बसाया लागलं, की घरातली माणसं घड्याळाकडं बघत्यात. मागायला आलेल्याला मातर 'का आला' असं कुणी इचारत न्हाय."

साधी राहणी म्हणून आम्ही ज्याची थट्टा करत आलो, ते सगळं दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून होतं. आणि ते खोटं म्हणावं, तर तेवढ्यावर हा माणूस खरोखर सुखात होता.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं पदराला हात पुसले आणि तडक अप्पांकडं गेली. परत आली ती त्यांचा नवा कोरा कुकर काखेत घेऊन.

"म्हटलं, हा आमच्याकडंच राहू दे. लागला की मागायला या."

गल्लीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मिक्सर समोरच्यांकडं गेला, शिडी कोपऱ्यावर, गाळण्याही दोन दिशांना गेल्या. शोभाचा फोन आला, "अप्पा आता लोकांच्या वस्तू मागत नाहीत ना?"

"नाही," मी म्हणालो, "आता स्वतःच्याच मागतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा कुकर न्यायला आले. उंबऱ्याशी टेकले. पोरीला दोन गणितं घातली, तिची एक चूक काढली, गाडीच्या नावानं बोटं मोडली. चहा झाला. बायकोनं आपणहून अर्धा कप आणखी ओतला. मग "चला, डाळ टाकायची हाय" म्हणत अप्पा उठले आणि खुशीत चालू लागले.

कुकर ओट्यावर तसाच राहिला. मी हाक मारणार होतो. बायकोनं डोळ्यानंच नको म्हटलं.