पहिले गाऱ्हाणे

१९३१ सालच्या होळीपौर्णिमेला, सकाळी आठाच्या सुमारास, श्रीवर्धनच्या अलीकडल्या एका वाडीत रावजीने कुंपणापलीकडून स्वतःचे नाव ऐकले.

तो तेव्हा पोफळींच्या आळ्यांत पाणी सोडत होता. पलीकडे त्याचा शेजारी भागोजी आणि गावचा गुरव बाबाजी हळू आवाजात बोलत होते. हळू आवाजातले बोलणे ऐकू येण्यासाठी जितके वाकावे लागते, तितका रावजी वाकला.

"पहिलं गाऱ्हाणं रावजीच्या नावानं," बाबाजी म्हणत होता. "बाकीची मागनं."

"त्याला सांगायचं?"

"अजिबात न्हाय. आयत्या वेळेला. म्हसळ्याचे पाव्हणे यायचे हायत ना सांजच्याला? त्यांच्यादेखत होऊ दे. त्यांनाबी कळू दे, कसला माणूस हाय."

गाऱ्हाणे या शब्दाला कोकणात दोन बाजू आहेत. गुरव देवापुढे उभा राहून एखाद्याचे भले मागतो, तेही गाऱ्हाणेच. आणि एखाद्याने केलेले वाईट चारचौघांत सांगतात, तेही गाऱ्हाणेच. रावजीला त्या क्षणी दुसरी बाजू तेवढी आठवली.

त्याला कारण होते. त्या वाडीत होळी पेटायच्या आधी वर्षाचे बोलून टाकायची रीत होती. फाल्गुन सरला की वर्ष सरले. तेव्हा वर्षभर पोटात राहिलेले होळीपाशी मोठ्याने सांगायचे, तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकायची आणि पाडव्याला मोकळ्या मनाने गुढी उभारायची. ज्याच्या नावाने बोंब होई त्याने रागवायचे नसे. पाहुण्यांनी रागवायचे की नाही, याबद्दल रीत काही सांगत नव्हती.

आणि पाहुणे साधे नव्हते. म्हसळ्याच्या तुकारामभाऊंच्या मुलाला रावजीची केसर पसंत पडली होती. पाडव्याला सुपारी फुटायची, म्हणजे लग्न पक्के व्हायचे. तुकारामभाऊ होळी बघायला म्हणून येणार होते, पण व्याही होऊ घातलेला माणूस दुसऱ्याच्या गावी काय बघायला जातो हे सगळ्यांना ठाऊक असते.

रावजी पाणी तसेच वाहते सोडून घरात गेला. त्याची बायको मनुबाई पाट्यावर पुरण वाटत होती.

"अगं, मी यंदा कुणाचं काय वाईट केलं?"

मनुबाईचा वरवंटा थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता.

"बरं वाटत न्हाय का तुमाला?"

"वाटतंय. तू सांग."

"कुठनं सुरवात करू?"

"पाडव्यापासनं."

"मग आधी आंघोळ करून या. लांबंल."

रावजीने आंघोळ केली नाही. तो ओटीवर जाऊन बसला आणि सरते वर्ष स्वतःच आठवू लागला. आजवर तो स्वतःला सरळ माणूस समजत आला होता, आणि तसे समजायला त्याला कधी बसून विचार करावा लागला नव्हता. चैत्र ठीक गेला. वैशाख, ज्येष्ठही निभावले. आषाढापाशी तो थबकला. श्रावणापाशी उठून उभा राहिला. कार्तिकापाशी पुन्हा खाली बसला. केले ते केलेच होते. पण त्या प्रत्येक दिवशी रात्री आपल्याला गाढ झोप लागली होती, हे आठवून त्याच्या अंगावर काटा आला.

तीन माणसे. या तिघांपैकी कुणाचे गाऱ्हाणे आहे ते त्याला कळेना. तेव्हा तिघांनाही संध्याकाळच्या आत गाठून मिटवून टाकायचे, असे त्याने ठरवले.

धर्मा आधी. कारण गावात धर्माचा गळा सगळ्यात मोठा होता आणि दरसाल पहिली बोंब त्याचीच असे. एरवी तो गावच्या पोफळींवर चढून सुपारी उतरवी. आज मात्र तो होळीच्या माळावर, उभ्या केलेल्या पोफळीच्या शेंड्यावर तोरण बांधत होता. ही पोफळ रावजीने आपल्या वाडीतून गावाला दिली होती. एवढी उंच होळी गावात कुणाच्या आठवणीत नव्हती, आणि रावजी चार दिवस तिच्याकडे मान वर करून बघत होता. आजही त्याने मान वर केली, पण ती वेगळ्या कारणाने.

"धर्मा, जरा खाली ये."

"अर्धं तोरण बांधलंय, रावजीदादा. तिथनंच बोला."

"खाजगी हाय."

"वाऱ्यात काय ऐकाय येत न्हाय. मोठ्यानं बोला."

माळावर बाया होळीभोवती झावळ्या रचत होत्या. त्यांत कोळीवाड्याची ठमाबाई होती. तिने हातातली झावळी खाली ठेवली.

"ते कार्तिकातल्या कौलाचं," रावजी ओरडला. "ते मनाला लावून घेऊ नको."

"कसल्या कौलाचं?"

धर्माने कार्तिकात मुंबईला गिरणीत जावे की नाही, म्हणून ग्रामदेवीला कौल लावला होता. देवीला पाण्याने चिकटवलेले उजवे फूल आधी पडले तर जा, डावे पडले तर थांब. डावे पडले. धर्मा थांबला.

"ते फूल देवीनं न्हाय पाडलं," रावजीने बेंबीच्या देठापासून सांगितले. "मी शिंकलो."

"काय झालं?"

"शिंकलो. तपकीर ओढून. मुद्दाम. डाव्या अंगाला. तू गेला असतास तर माझी सुपारी कुणी उतरवली असती?"

धर्मा असा सरकन खाली आला की अर्धे तोरण त्याच्या गळ्यातच राहिले.

"म्हंजे देवीनं नाकारलं न्हवतं," तो सावकाश म्हणाला. "तुमच्या नाकानं राहिलो मी."

"पण तुला ठावं व्हतंच ना?"

"मला कुठनं ठावं असंल? मी तर मागनं देवीला आनखी एक कोंबडा दिला. मुंबईत माजं काय वाईट व्हायचं व्हतं ते टाळलं म्हनून."

रावजीचे डोके मात्र चालूच होते. धर्माला ठाऊक नव्हते, म्हणजे गाऱ्हाणे धर्माचे नाही. म्हणजे ते ठमाबाईचे. आणि ठमाबाई तर समोर, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ठमाबाय, तुजं बराबर हाय. ते बोंबील."

"कंचं बोंबील रं, रावजीभाऊ?"

"श्रावणात तू आमच्या ओटीवर पाटी ठेवून इहिरीवर गेलीस. आलीस तर दोन सुके बोंबील कमी."

"ते तुमच्या मांजरीनं खाल्लं."

"मांजरीनं न्हाय."

ठमाबाई झावळ्यांच्या ढिगावर बसली. "अरं, त्या मांजरीला मी गोनीत घालून खाडीपल्याड सोडून आयली. पोटुशी व्हती रं ती."

"श्रावणात?" मागून आवाज आला.

मनुबाई होती. नवऱ्याला बरे नाही असे वाटून ती पुरणाचे हात घेऊनच त्याच्या मागोमाग माळावर आली होती. शिंकेपासूनचे सगळे तिने ऐकले होते आणि ते तिला तसे नवे वाटले नव्हते. हे मात्र नवे होते.

"अख्खा श्रावण पाळलावता तुमी. आन पोट बिघडलं तवा माझ्या अळवाला नावं ठिवलीत."

"अळूबी जरा खाजरंच व्हतं," रावजी म्हणाला आणि हे बोलायला नको होते हे त्याला लगेच कळले. श्रावणापासून त्या घरात अळू शिजले नव्हते. मनुबाईच्या तोंडाकडे बघता आता ते कधी शिजण्याची चिन्हे नव्हती.

तेवढ्यात पूजेचे ताट घेऊन बाबाजी आणि भागोजी माळावर आले. आता हिशेब सरळ होता. धर्माचे नाही, ठमाबाईचे नाही, तर गाऱ्हाणे भागोजीचे. सकाळी कुंपणापाशी तोच तर कुजबुजत होता. रावजी त्याच्यापुढे जाऊन हात जोडून उभा राहिला.

"भागोजी, तुजं गाऱ्हाणं खरं हाय."

"माजं?"

"आषाढात आपलं कुंपण कुजून पडलं. तू तवा मुंबईला गिरणीत. मी नवं घातलं, आन घालताना तुझ्या अंगाला सरकवलं. जास्त न्हाय. एक पोफळ आत येईल, इतकंच."

"कंची पोफळ?"

रावजीने नुसते वर बघितले. मग बाबाजीने वर बघितले, ठमाबाईने, मनुबाईने आणि गळ्यातल्या तोरणासकट धर्माने. शेंड्यावर उरलेले अर्धे तोरण वाऱ्यावर फडफडत होते.

भागोजी आता ताट फेकून देईल, अशी रावजीने मनाची तयारी केली होती. भागोजीने ताट हळूच खाली ठेवले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही माजी?" तो म्हणाला. "मग दिवाळीला गावी आल्यापासनं मी हिची सुपारी चोरत व्हतो, ती कुणाची?"

आपण काय बोललो हे भागोजीला सर्वांत शेवटी कळले.

"तू कुणाची समजत व्हतास?" रावजीने विचारले. त्याला खरोखरच धक्का बसला होता. आपल्या शेजारी असला माणूस राहत असेल, असे त्याला वाटले नव्हते.

"तुजी. म्हंजे माजीच. पहाटंचा उठत व्हतो रे त्यासाठी. थंडीत."

बाबाजी गुरव आता ठमाबाईच्या शेजारी झावळ्यांवर टेकला.

"रावज्या, तुला कुणी काय इचारलं व्हतं?"

"तूच म्हनालास ना सकाळी? पहिलं गाऱ्हाणं माझ्या नावानं."

"घालायचं व्हतं रे ते. देवीला. एवढी पोफळ दिलीस गावाला, तर यंदा पहिला मान तुजा. 'माय, रावजीचं भलं कर, त्याच्या लेकीचं लगीन सुखानं पार पाड,' असं मी म्हनायचं आन गावानं म्हनायचं, 'व्हय म्हाराजा.' पाव्हन्यांनी बघितलं असतं, गावात मान काय हाय तुजा."

रावजीने एकदा मनुबाईकडे बघितले, एकदा पोफळीकडे. बसायला जवळपास काही नव्हते, म्हणून तो उभाच राहिला.

दुपार तंट्यात गेली. धर्माचे म्हणणे, गाऱ्हाणे ठरल्याप्रमाणे रावजीच्याच नावाने होऊ द्या, फक्त आता ते आपण करू; गळा तयार आहे. ठमाबाई म्हणाली, त्यात मांजरीचेही घाला, आणि ती पोटुशी होती हे विसरू नका. कुणीतरी म्हणाले, पोफळ भागोजीची, तर मान भागोजीला द्या. त्यावर भागोजीच सगळ्यांत आधी उठला. "मान रावजीचाच राहू दे. पोफळबी त्याचीच म्हना. मागचं कशाला उकरायचं?" मान घ्यायला पुढे गेले की सुपारीची बोंब आपल्या नावाने होणार, हे त्याने ओळखले होते. अख्ख्या गावात त्या दिवशी रावजीची बाजू घेणारा तो एकच माणूस होता.

"गावानं मान द्यायचा ठरवला तो माघारी घेता येत न्हाय," बाबाजी म्हणाला. "आन होळीपाशी उघडं पडलं ते झाकताबी येत न्हाय." यापुढे मात्र त्याचेही डोके चालेना.

ऊन उतरले तेव्हा म्हसळ्याचा छकडा माळाशी येऊन थांबला. रावजी पुढे झाला, पण त्याच्याआधी धर्मा पोचला होता. धर्माने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. धर्माचा हळू आवाज खाडीपर्यंत गेला. शिंक, बोंबील, मांजर, कुंपण, सगळे क्रमाने झाले. तुकारामभाऊ छकड्यातच बसून ऐकत होते. ते मोठे थंड गृहस्थ. शिंकेपाशी त्यांनी एकदा रावजीकडे बघितले, कुंपणापाशी दुसऱ्यांदा. चेहऱ्यावरून काही कळत नव्हते.

राग होता तरी मनुबाईने पाहुणचार सोडला नाही. तिने पानाचे तबक आणून पुढे ठेवले. अडकित्ता घेतला, सुपारी कातरली, विडा लावला. सुपारी गेल्या आठवड्यात घरात आलेली, त्याच पोफळीची होती.

रावजी तिच्या कानाशी वाकला. "सुपारी फुटली म्हनायची का?"

"अडकित्त्यानं फुटली," मनुबाई म्हणाली.

बाबाजी छकड्यापाशी आला. "भाऊ, तुमी बाहेरचे. गावात निकाल लागत न्हाय. पहिलं गाऱ्हाणं रावजीच्या नावानं, इथवर एकमत हाय. आता तुमी सांगा, ते देवीला घालायचं, का गावापुढं करायचं?"

तुकारामभाऊंनी नुकताच विडा तोंडात घातला होता. त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली.

सूर्य बुडाला आणि चंद्र वर आला. बाबाजी देवीकडे तोंड करून हात जोडून उभा आहे. त्याच्या शेजारी धर्मा, एका हातात पेटती चूड, दुसरा हात पालथा करून तोंडाजवळ धरलेला. दोघांच्या मधे रावजी. "व्हय म्हाराजा" म्हणायचे की बोंब ठोकायची, हे न कळून सगळा गाव छकड्याकडे बघतो आहे.

सुपारी जरा कडक निघाली. तुकारामभाऊ अजून चघळत आहेत.